बाटलीवरच्या रेघा

बाटली खिडकीच्या उजेडात धरून त्याने लेबलाच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. मग बाटली न्हाणीघरातल्या कपाटाच्या सपाट फळीवर ठेवली, गुडघ्यांत वाकला आणि एक डोळा मिटून रेघ औषधाच्या पातळीशी जुळते का ते पाहिलं. जुळत होती. कालची रेघ तिच्या वर होती आणि परवाची तिच्याही वर. खिशातली स्टीलची छोटी पट्टी काढून त्याने दोन रेघांमधलं अंतर मोजलं. चार मिलिमीटर. व्हायला हवं होतं दोन.

"अहो, झालं का? ताटं वाढलीत," बायको बाहेरून म्हणाली.

"आलो," तो म्हणाला आणि पट्टी रुमालाने पुसून खिशात टाकली.

गणित सोपं होतं. दहा नखं, प्रत्येकाला दोन थेंब, दिवसातून एकदा. वीस थेंब म्हणजे एक मिली. तीस मिलीची बाटली महिनाभर पुरायला हवी. पहिल्या दोन पुरल्या होत्या. तिसरी अठराव्या दिवशी संपली, चौथी सोळाव्या, आणि ही पाचवी तिच्याच पावलावर पाऊल ठेवून चालली होती. औषधाची बाटली गळत नव्हती. टोपण घट्ट बसत होतं. औषध उडून जातं म्हणावं, तर त्याने एक बाटली दोन दिवस कारखान्यातल्या कपाटात कुलपात ठेवून पाहिली होती, आणि पातळी केसभरही हलली नव्हती. उरला एकच निष्कर्ष. घरातलं कोणीतरी त्याचं औषध घेत होतं.

कारखान्यात त्याला मायक्रॉन म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तेवढ्या फरकावरून तो माल परत पाठवत असे. पितळी झडपा आणि पोलादी दांडे बाहेर पडण्याआधी शेवटी त्याच्या टेबलावर यायचे. गेली अठ्ठावीस वर्षं त्याला पगार मिळत होता तो कशावरही विश्वास न ठेवण्याबद्दल. त्याच्या घरी साखरेचे दाणे मोजून चहात टाकतात, असं कारखान्यात सांगत. ते खोटं होतं. पण चमचा सपाट करून टाकतात, हे खरं होतं.

या कामात त्याचं मुख्य हत्यार म्हणजे उजव्या अंगठ्याचं नख. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरून तो ते नख आडवं फिरवायचा आणि डोळे मिटायचा. डोळ्याला न दिसणारा ओरखडा नखाला लागायचा. नवं यंत्र आणलं तेव्हाही साहेब म्हणाले होते की आधी यंत्र मायक्रॉनच्या नखाशी जुळवून घ्या.

त्याच नखावर चौदा महिन्यांपूर्वी सुईने टोचल्यासारखे खळगे उमटले. मग नखाखाली तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळट डाग पडला, मग टोकाकडून नख मांसापासून सुटायला लागलं. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं करत दहाही नखं बिघडली. मशिनच्या तेलाने झालं असणार, असं तो सगळ्यांना सांगे. कारखान्याच्या दवाखान्यात बुरशीचं मलम मिळालं. ते सात महिने चोळून काहीच झालं नाही, तेव्हा बायकोने त्याला जवळजवळ ओढतच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिची ती घाईसुद्धा त्याला जरा जास्तच वाटली होती.

डॉक्टरीणबाईंनी नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला आणि बुरशी नाही म्हणून सांगितलं.

"सोरायसिस आहे. कातडीला होतो तसा नखांनाही होतो. कोणापासून कोणाला लागत नाही, पण कधी कधी घराण्यात असतो."

"आमच्याकडे असलं काही नाही," तो म्हणाला होता.

"बरं. नखं आखूड ठेवा. खालची घाण टोकदार वस्तूने कोरू नका, त्याने आणखी वाढतं. हे थेंब नखाच्या मुळाशी लावायचे. आणि धीर धरा. नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं, त्याहून लवकर मी काही करू शकत नाही."

मिलिमीटरमध्ये बोलणारी बाई त्याला एकदम पसंत पडली. पण गेल्या खेपेला त्याने पाचव्या बाटलीची चिठ्ठी मागितली तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इतक्यात संपली? तुम्ही अंदाजाने ओतताय. जास्त लावलंत तर बोटांची कातडी पातळ होईल. पुढची पण अशीच संपली तर मला हे औषध बंद करावं लागेल."

अंदाजाने! त्याला! आयुष्यात कोणी केला नव्हता एवढा अपमान त्याने त्या पांढऱ्या खोलीत मुकाट गिळला. अंगठ्याच्या मुळाशी आता कुठे गुळगुळीत नखाची चंद्रकोर दिसायला लागली होती. औषध बंद म्हणजे ती गेली, आणि तिच्यामागून टेबल गेलं. आणि हे कोणाच्या पायी? घरातल्याच कोणाच्या तरी.

तो जेवायला बसला आणि ताटाआधी माणसं पाहिली. तीन होती. बायको, लेक आणि मेहुणा.

मेहुण्यावर त्याचा पहिला वहीम होता, आणि वहीम घ्यावा असाच तो माणूस होता. स्वतःच्या घराची दुरुस्ती चालू आहे म्हणून दोन महिन्यांपूर्वी आठ दिवसांसाठी मागच्या खोलीत उतरला तो उतरलाच. आपला आणि दुसऱ्याचा असा भेद त्याच्या मनात नव्हता, त्यामुळे मायक्रॉनचा कंगवा, मायक्रॉनचा दाढीचा साबण आणि एकदा तर मायक्रॉनचे मोजे त्याने निर्मळ मनाने वापरले होते. शिवाय त्याच्या टाचांना भेगा होत्या.

"टाचा कशा आहेत?" मायक्रॉनने विचारलं.

"आता बऱ्याच बऱ्या आहेत, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"कशाने बऱ्या झाल्या?"

"आपोआप. घरी बसून आहे ना, चालणं नाही."

आपोआप. मायक्रॉनने तो शब्द मनात बाजूला काढून ठेवला. मग बायकोकडे पाहिलं. अलीकडे तो खोलीत आला की तिचं आणि लेकीचं बोलणं मधेच थांबायचं आणि दोघी एकदम पंख्याकडे किंवा घड्याळाकडे बघायच्या. आपल्या भावाला ती पाठीशी घालत असणार, यात त्याला शंका नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

लेक चिमी समोर बसली होती. चोवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईकाच्या नाकाकानांवर चष्मा बसवून बघायचा, काड्या वाकवायच्या, इवलेसे स्क्रू आवळायचे, असं तिचं काम. तिची नखं नेहमी गडद जांभळ्या रंगाने रंगवलेली असत, आणि हा रंग तिला बारा महिने कसा आवडतो, असं तिच्या मामाने एकदा विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, दुकानात शोभतो. ती हल्ली बापाच्या शेजारी बसायची नाही, समोर बसायची. त्याचंही कारण मायक्रॉनने शोधून ठेवलं होतं. तिला आपल्या नखांची किळस येते. येणारच. त्याला स्वतःला येत होती, तर पोरीने काय पाप केलं?

त्याने उजवा हात ताटाच्या कडेला उलटा धरला आणि नेहमीसारखा म्हणाला, "हा पीस माझ्या टेबलावर आला असता ना, तर मी मापसुद्धा घेतलं नसतं. नुसता बघूनच भंगारात टाकला असता."

मेहुणा हसला. तो दरवेळी हसायचा.

"जेवताना नको," बायको म्हणाली.

"का? खोटं आहे का? असल्या हाताचं माणूस मी स्वतः कामावर ठेवलं नसतं."

"मला पुरे," लेक म्हणाली आणि ताट घेऊन उठली. तिच्या ताटात अर्धं जेवण तसंच होतं. मायक्रॉनला वाटलं तेच खरं निघालं, आणि आपलं खरं निघाल्याचा त्याला नेहमी होणारा आनंद मात्र या वेळी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याला युक्ती सुचली. नवा माणूस एक झाकण आणि त्याची बैठक घेऊन आला होता. दोन्ही एकमेकांवर नीट बसतात का ते बघायचं होतं. त्यासाठी तिथे एक निळा रंग वापरतात, त्याला नुसतं निळा म्हणतात. डबीत लोण्यासारखा घट्ट असतो. एका भागाला त्याचा पुसट हात द्यायचा आणि दुसरा भाग त्यावर टेकवून उचलायचा. जिथे टेकला तिथे निळा लागतो, जिथे नाही तिथे नाही. या निळ्यापुढे कोणाची लबाडी चालत नाही. आणि हाताला लागला तर साबणाने दोन दिवस जात नाही, म्हणून तिथली माणसं त्याला वैतागलेली असतात.

मायक्रॉनने डबीतून कणभर निळा कागदावर घेतला आणि कागदाची पुडी करून वरच्या खिशात ठेवली. अठ्ठावीस वर्षांत कारखान्यातून त्याने घरी नेलेली ही पहिली वस्तू.

सकाळी निघण्याआधी तो न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेतलं. बाटलीचं टोपण काळं होतं, ते बरंच होतं. त्याने टोपणाच्या खाचांमध्ये आणि वरच्या रबरी फुग्याच्या बुडाशी बोटाने निळा इतका पातळ पसरवला की उजेडात धरूनही कळू नये. आपलं बोट रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. घरात एक नियम होता, त्याच्या औषधाला कोणी हात लावायचा नाही. ज्याने लावला नाही त्याला भीती नाही. खाई त्याला खवखवे.

"आज उशीर केलात," बायको डबा देताना म्हणाली.

"संध्याकाळी लवकर येईन," तो म्हणाला. तो रोज साडेपाचलाच येत असे, त्यात लवकर काही नव्हतं, आणि बायकोने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

दिवसभर त्याचं कामात लक्ष नव्हतं. मेहुण्याच्या टाचा निळ्या झालेल्या त्याच्या डोळ्यांसमोर येत होत्या. काय बोलायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. आवाज चढवायचा नाही. नुसतं म्हणायचं, पाय वर करा.

दार मेहुण्यानेच उघडलं. मायक्रॉनने पिशवी खाली ठेवण्याआधी त्याचे हात पाहिले. स्वच्छ होते.

"दुसरी बाजू दाखवा."

"काय, भविष्य सांगताय?" मेहुण्याने हात उलटे केले. तेही स्वच्छ. पायांत चपला होत्या, टाचा दिसत होत्या, भेगा होत्या तशा होत्या. मेहुण्याचा चेहरा मात्र आज हसरा नव्हता. "भाऊजी, आत जरा सावकाश जा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

न्हाणीघराच्या दारात बायको आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि साबणाचा फेस निळसर होता. मेहुणा नाही तर ही. एवढी वर्षं एका घरात राहून ही.

"म्हणजे तूच," तो म्हणाला.

"हळू बोला. चिमी आत आहे."

"तिचा काय संबंध?"

बायको दारातून सरली.

लेक स्टुलावर बसली होती, आणि समोरच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात तिचे दोन्ही हात होते. नखांवरचा जांभळा रंग काढलेला होता. बाप आलेला पाहून तिने हात पाण्याखाली आणखी दाबले, पण पाणी स्वच्छ होतं आणि घमेलं पांढरं. दोन्ही हातांची नखं निळ्या ठिपक्यांनी भरली होती. टोकाकडे जिथे नख मांसापासून सुटलं होतं तिथे निळ्याची जाड रेघ भरली होती.

मायक्रॉनने तिकडे पाहिलं आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो कामाचाच आला. खळगे. अंगठ्यावर बारा, मधल्या बोटावर नऊ. निळा लावून पुसला की सपाट भागावरचा जातो आणि खळग्यातला राहतो, हे त्याने हजार वेळा पाहिलं होतं. मग ते खळगे कोणाच्या हातावर आहेत हे त्याला कळलं, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"घासून जात नाहीये, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "ब्रशने पण नाही. दुकानात गेल्यावर बघितलं तर रंगाभोवती बोटं निळी. एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होते, त्यांनी मानच मागे घेतली. मालक म्हणाले घरी जा. आल्यावर रंग काढला तर नखंही अशी."

"दुपारपासून हेच चाललंय," बायको म्हणाली.

"औषधाने होतंय का हे? आजार वाढला की असं निळं होतं?" लेकीने घमेल्यातून नजर वर केली आणि त्याच्या हातांकडे पाहिलं. "तुमची पण झालीत का?"

तिच्या प्रश्नातली भीती आपल्यासाठी आहे, हे समजायला त्याला एक क्षण लागला. तिच्या हातावर त्याची निळी करणी होती, आणि ती विचारत होती, तुमची पण झालीत का.

"नाही," तो म्हणाला. "ते औषधाचं नाही. आजाराचंही नाही. मी लावला होता टोपणाला. कारखान्यातला निळा आहे."

"कशाला?"

"कोण औषध घेतं ते बघायला."

मागे पडवीत मेहुण्याच्या चपला वाजल्या आणि दूर गेल्या.

"मग बघितलंत?" बायको म्हणाली.

"मला सांगायचं होतंस."

"कोणाला? तुम्हाला?" बायको हात पुसत होती, ते पुसून झाले तरी पुसत राहिली. "दीड महिन्यापूर्वी कात्रीचं टोक घेऊन नखं कोरत बसलेली सापडली मला. रक्त येत होतं. दवाखान्यात चल म्हटलं तर पाया पडली माझ्या. बाबांना कळता कामा नये म्हणून शपथ घातली. मग काय करणार होते मी? तुम्ही गेलात की रोज वीस थेंब. चोरी म्हणा हवं तर."

"पण मला कळलं असतं तर मी काय—"

"रोज ताटावर बसून काय बोलता ते आठवा एकदा," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

तो आठवायला गेला नाही. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मागच्या फळीवरून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणि कापूस काढला, दुसरं स्टूल ओढून लेकीसमोर बसला आणि मांडीवर जुना टॉवेल पसरला.

"साबणाने नाही जायचा. तेलाने जातो. हात दे."

ती हात देईना.

"कोरणार नाही. नुसतं टिपून घेतो."

तिने उजवा हात दिला, पण मूठ मिटून. ती एकेक बोट करून त्याने उघडली. किती वर्षांनी हा हात हातात घेतला होता, हे त्याला आठवेना. रस्ता ओलांडायचं वय संपल्यापासून नसेलच. कापसाच्या टोकाला तेलाचा थेंब घेऊन तो एकेका खळग्यावर टेकवत होता, थांबत होता, उचलत होता. घासायचं नाही. घासलं तर नखाला इजा, इजा झाली की आजार वाढतो, हे त्याला पाठ होतं. अंगठ्याला वीस मिनिटं लागली. दोघांच्या माना खाली होत्या, आणि टॉवेलवर त्याची नखं आणि तिची नखं शेजारी शेजारी होती. कोणती कोणाची हे सांगायला बोटांची जाडी बघावी लागली असती.

मधल्या बोटावर तो थांबला. कापूस ठेवला आणि बोटाचं शेवटचं पेर आपल्या चिमटीत धरून हळूच फिरवलं. मग डाव्या हाताचं तेच बोट धरून पाहिलं. मग पुन्हा उजवं. यंत्र लागत नव्हतं. उजवं पेर जाड होतं आणि गरम होतं.

"दुखतं?"

"नाही."

"चिमे."

"सकाळी," ती म्हणाली. "उठल्यावर वाकत नाही. तासाभराने सुटतं. स्क्रू धरायला त्रास होतो, म्हणून मी दुपारनंतरची कामं मागून घेते."

डॉक्टरीणबाई दर खेपेला त्याला विचारायच्या, सांधे दुखतात का, सकाळी बोटं आखडतात का? त्याला तो प्रश्न फुकटचा वाटायचा. नखांचा इलाज करायला आलेल्या माणसाला सांधे कशाला विचारायचे? आता तो प्रश्न कशासाठी होता ते त्याच्या चिमटीत होतं. नखांवर जे दिसतं ते आत हाडांपर्यंत जाऊ शकतं. नखं वाढतात, नवी येतात. पेर वाकडं झालं की नवं येत नाही.

त्याला भीती वाटली. अशी भीती त्याला स्वतःच्या अंगठ्याबद्दल चौदा महिन्यांत एकदाही वाटली नव्हती.

"मंगळवारी आपण दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला नाही. त्याने पुन्हा कापूस उचलला आणि उरलेली बोटं पुरी केली. दिवेलागणीची वेळ टळून गेली तेव्हा तिच्या डाव्या करंगळीतला शेवटचा ठिपका निघाला. त्या दिवशी त्याने आपल्या नखांना औषध लावलं नाही, आणि बाटलीवर रेघही ओढली नाही.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीची दहाही नखं भिंग लावून पाहिली, मग एकेक सांधा दाबला. मधल्या बोटाशी त्या बराच वेळ थांबल्या. बाप शेजारच्या खुर्चीवर ताठ बसला होता. त्याचा परीक्षेचा निकाल असावा तसा.

"तुमचं औषध का संपत होतं ते कळलं मला," त्या त्याला म्हणाल्या.

"मी अंदाजाने ओतत नव्हतो," तो म्हणाला.

"नाही. चूक माझी." मग त्या लेकीकडे वळल्या. "वडिलांचे थेंब वापरायचे नाहीत. तुला नुसत्या थेंबांनी भागणारही नाही. रक्त तपासायचं, हाताचा एक्स-रे काढायचा, सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि मग गोळ्या ठरवायच्या. घाबरायचं कारण नाही. सूज आहे, पण हाड अजून शाबूत असावं. वर्षभर उशीर केला असता तर मात्र मी असं म्हणू शकले नसते." त्यांनी नवा कागद पुढे ओढला. "कधीपासून आहे हे?"

लेकीने खाली पाहिलं.

"सांध्याचं पाच-सहा महिने झाले," ती म्हणाली.

"आणि नखांचं?"

"तीन वर्षं."

मायक्रॉनने मान वळवली. तीन वर्षं. त्याच्या अंगठ्यावर पहिला खळगा पडला त्याला चौदा महिने झाले होते. म्हणजे त्या दिवशी, ज्या दिवशी तो अंगठा सगळ्यांसमोर नाचवत ताटावर बसला होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी, समोर बसलेल्या पोरीला आपला हात कुठे ठेवावा हे कळत नसणार. तो बोलत होता आपल्या नखांबद्दल. तिने ऐकलं होतं ते तिच्या.

"तीन वर्षं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वडील इथे दर महिन्याला येतात. त्यांच्याबरोबर यायचं होतं. का नाही आलीस?"

"दुकानातून सुट्टी मिळत नव्हती."

"खोटं आहे," मायक्रॉन म्हणाला. "मंगळवारी दुकान बंद असतं."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. लेकीचे कान लाल झाले. सवयीने तोंडातून गेलं होतं, पण एकदा तपासायला घेतलेलं अर्ध्यावर सोडायची त्याला सवय नव्हती.

"ती माझ्यामुळे आली नाही," तो म्हणाला. "कारण म्हणून तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं होतं ते तसंच राहिलं. "असलं काही तिच्या कागदावर लिहीत नाही आम्ही," त्या म्हणाल्या.

"तिच्या नका लिहू," तो म्हणाला आणि आपली फाइल टेबलावर त्यांच्यापुढे सरकवली. "माझ्या कागदावर लिहा."